सोनारचा बिघडलेला सिग्नल सावरताना: जे शेवटी बिघडलं ते आधी दुरुस्त करा

बडोद्यातल्या दांडिया बाजारात राहणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: उत्तरायणाच्या सुट्टीत पादऱ्याजवळ मामांच्या शेततळ्यावर (तिकडे त्याला खेत तलावडी म्हणतात) सोनारचा, म्हणजे आवाज सोडून पाण्यात काय आहे ते ऐकण्याचा, प्रयोग केला. तळं 3 मीटर खोल. ट्रान्समीटर (आवाज सोडणारा ट्रान्सड्यूसर) आणि हायड्रोफोन (पाण्यातला मायक्रोफोन) दोन्ही पाण्याखाली 1 मीटरवर, एकमेकांपासून 12 मीटर. लॅपटॉपवरून दर सेकंदाला एक पिंग, 5 मिलिसेकंदांचा चर्प, 20 पासून 40 किलोहर्ट्झपर्यंत चढणारा. नोंद वेगळ्या रेकॉर्डरवर, 16 बिट, सेकंदाला 96,000 सॅम्पल. हाती आलेला सिग्नल मात्र ओळखू येत नाही. स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या वारंवारतेला किती जोर याच्या आलेखात) 27 आणि 36 किलोहर्ट्झपाशी खोल खड्डे आहेत. स्पेक्ट्रोग्राममध्ये (वेळेबरोबर वारंवारता कशी बदलते त्या चित्रात) खऱ्या चर्पबरोबर एक फिकट रेघ 36 किलोहर्ट्झपासून शून्यापर्यंत उतरते आणि पुन्हा वर चढते. 50 पिंगांची सरासरी घेतली तर सिग्नलच नाहीसा होतो. डीकन्व्होल्यूशन (सिग्नलवर वाटेत झालेला परिणाम गणिताने उलटवणं) केलं तर नुसता खरखराट उरतो. ट्रान्सड्यूसर खराब आहे असं सगळे म्हणतात. मला तळाचा प्रतिध्वनी मोजायचा आहे, तर मूळ सिग्नल परत मिळेल का?

मिळेल, बराचसा. आणि तुमचा ट्रान्सड्यूसर बहुधा ठणठणीत आहे. मी सव्वीस वर्षं नर्मदेचं मुख, दहेज बंदर आणि खंभातच्या आखातातल्या जलसर्वेक्षणाचा डेटा हाताळतो आहे. तुम्ही लिहिलेली चारही लक्षणं वाचताना मला चार वेगवेगळे बिघाड दिसले, आणि प्रत्येकाने आपला ठसा स्वच्छ सोडला आहे. तुम्ही ते सगळे एकाच डीकन्व्होल्यूशनने निस्तरायला गेलात, तिथे गाडं अडलं.

सिग्नलचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. लॅपटॉपमधून ट्रान्सड्यूसर, तिथून पाणी, पाण्यात पृष्ठभागावरचे आणि तळावरचे प्रतिध्वनी, मग हायड्रोफोन, मग सिग्नल वाढवणारा प्रीअँप, शेवटी रेकॉर्डरमधले आकडे. कपडे उतरवताना सदऱ्याच्या आधी कोट काढावा लागतो, तसंच इथे आहे. जो बिघाड शेवटी झाला तो सगळ्यात आधी सोडवायचा, मग त्याच्या आतला. सगळे बिघाड रेषीय (आत दुप्पट तर बाहेर दुप्पट) आणि वेळेबरोबर न बदलणारे असते तर क्रम उलटसुलट झाला तरी चाललं असतं. पण क्लिपिंग, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जाणं, रेषीय नाही. क्लिपिंग झालेल्या सिग्नलवर तुम्ही आधी बँडपास फिल्टर (ठराविक पट्ट्यातल्याच वारंवारता जाऊ देणारा) लावलात की कापलेली टोकं गोल होतात, सिग्नल दिसायला सुंदर होतो आणि कुठलं सॅम्पल खरं, कुठलं कापलेलं हे सांगणारा पुरावा कायमचा पुसला जातो. म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवा आणि तिच्यापासूनच सुरुवात करा.

तुमच्याकडे क्लिपिंग झालंय हे ती फिकट रेघच सांगते. टोकं दोन्ही बाजूंनी सारखी कापली गेली की विषम पटीतल्या वारंवारता तयार होतात, त्यात तिप्पट सगळ्यात जोरकस. तुमचा चर्प 20 ते 40, म्हणजे तिप्पट 60 ते 120 किलोहर्ट्झ. पण 96,000 सॅम्पलच्या नोंदीत 48 किलोहर्ट्झच्या वरचं काही मावत नाही, ते दुमडून खाली येतं. 60 चे होतात 36. चर्प 32 ला पोचतो तेव्हा तिप्पट 96, म्हणजे शून्य. तिथून पुढे रेघ पुन्हा चढते आणि चर्पच्या शेवटी 24 वर थांबते. तुम्ही वर्णन केलेली रेघ हीच. त्यातून आणखी एक गोष्ट कळते: कापाकापी सॅम्पलिंगनंतर, आकड्यांमध्ये झाली आहे. ती प्रीअँपमध्ये झाली असती तर सॅम्पलिंगआधीच्या फिल्टरने तिप्पट वारंवारता अडवली असती आणि रेघ दिसलीच नसती. रेकॉर्डरचा डिजिटल गेन चढलेला असणार, तो तपासा.

तरंगाकृती मोठी करून पाहिली, सपाट टोकं कुठेच दिसली नाहीत, असंही तुम्ही लिहिलं आहे. दिसणार नाहीतच. 30 किलोहर्ट्झच्या एका आवर्तनात तुमच्याकडे तीनच सॅम्पल पडतात, मग सपाट भाग दिसायला जागा कुठे? क्लिपिंग डोळ्याने शोधू नका, कुठला आकडा किती वेळा आला याचा हिस्टोग्राम काढा. +32767 आणि −32768 या दोन टोकांना उंच खांब उभे राहिले असतील तर ती कापलेली सॅम्पल. खांब त्याहून खालच्या आकड्यावर असेल तर कापाकापी आधीच्या कुठल्यातरी टप्प्यात झाली.

आता दुरुस्ती. 5 मिलिसेकंदांत तुमची 480 सॅम्पल आहेत. त्यातला तिसरा हिस्सा कापला गेला असं धरू, तरी 320 खरी उरतात. अज्ञात किती? थेट आलेला आवाज, पृष्ठभागावरून आलेला, तळावरून आलेला, आणि दोन्हीकडे आपटून आलेला. चार मार्ग, प्रत्येकाचा उशीर आणि जोर, म्हणजे आठ आकडे. आठ अज्ञातांसाठी 320 समीकरणं! शिवाय कापलेली 160 सॅम्पलही मुकी नाहीत. खरी किंमत या मर्यादेच्या पलीकडे होती, एवढं ती खात्रीने सांगतात. खऱ्या सॅम्पलना लीस्ट स्क्वेअर्सने (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून) जुळवायचं आणि कापलेल्यांवर ही असमानतेची अट घालायची. पाठवलेला सिग्नल माहीत असला की क्लिपिंग इतकं आवाक्यात येतं. सिग्नल अनोळखी असेल, उदाहरणार्थ नुसती बोटीच्या इंजिनाची घरघर ऐकायची असेल, तर सिग्नल ठराविक वारंवारतांच्या पट्ट्यातच आहे या आधारावर पापोलिस आणि गर्चबर्ग यांची पुनरावृत्तीची पद्धत वापरतात. ती चालते, पण सलग कापलेली सॅम्पल वाढली की लवकर हात टेकते.

एक विचार त्याआधीही करा: क्लिपिंग दुरुस्त करायची खरंच गरज आहे का? 1960 च्या सुमारास अमेरिकेत व्हिक्टर अँडरसन यांनी डिमस नावाची सोनारपद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक हायड्रोफोनचा सिग्नल मुद्दाम एका बिटापर्यंत कापत, फक्त धन की ऋण एवढंच ठेवत. तरी दिशा नीट मिळायची, कारण सिग्नल नॉइजपेक्षा क्षीण असताना अशा कापाकापीत सुमारे 2 डेसिबलच जातात. आवाज कधी आला एवढंच हवं असेल तर शून्यरेषा ओलांडण्याच्या वेळा पुरतात आणि त्या क्लिपिंगमध्ये शाबूत राहतात. पण जोरदार सिग्नलवर स्वार झालेला बारीक प्रतिध्वनी कापला गेला तर तो गेलाच. तुम्हाला तळाचा प्रतिध्वनी मोजायचा आहे, म्हणून तुम्हाला दुरुस्ती लागणार.

सरासरीचं कोडं सोपं आहे. पिंग लॅपटॉपच्या घड्याळावर निघतात, नोंद रेकॉर्डरच्या घड्याळावर होते. दोघांत दशलक्षात 20 भागांचा फरक असणं अगदी सामान्य. मग दर सेकंदाला, म्हणजे दर पिंगला, 20 मायक्रोसेकंद सरकतात. 30 किलोहर्ट्झचं आवर्तन 33 मायक्रोसेकंदांचं. दुसराच पिंग अर्ध्याहून जास्त आवर्तनाने चुकलेला असतो, म्हणून बेरीज करताना ते एकमेकांना मारतात. थेट आवाजाची पोच प्रत्येक पिंगमध्ये मोजा, तिला सरळ रेषा बसवा, तिच्या उतारावरून पूर्ण नोंद रीसॅम्पल करा (सॅम्पल दुरुस्त वेळांवर पुन्हा काढा) आणि मग सरासरी घ्या. तळ्यात कुणी हलत नव्हतं, त्यामुळे डॉप्लरची, म्हणजे हालचालीमुळे वारंवारता बदलण्याची, चिंता नको. चालत्या बोटीवर ती असते, आणि तिथे बँडविड्थ, पिंगची लांबी आणि वेगाचं ध्वनिवेगाशी गुणोत्तर (प्रतिध्वनीसाठी दुप्पट) यांचा गुणाकार एकाच्या जवळ यायला लागला की सावध व्हायचं.

आता 27 आणि 36 चे खड्डे. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त आनंद या दोन आकड्यांनी दिला. दोघांत 9 चा फरक आहे, आणि दोन्ही 9 च्या पटीत आहेत. भूमिती मांडू. थेट अंतर 12 मीटर. पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून येणारा मार्ग 12.166 मीटर. फरक साधारण साडेसोळा सेंटिमीटर. जानेवारीतलं पाणी 20 अंशाचं धरलं तर त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला 1482 मीटर, म्हणजे उशीर 112 मायक्रोसेकंद. खालून आलेल्या आवाजासाठी पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे आरसा, आणि तो आवाजाचं चिन्ह उलटवून परत पाठवतो. म्हणून उशिरात पूर्ण आवर्तनं बसली की थेट आणि उलटा असे दोन आवाज एकमेकांना पुसतात. 112 मायक्रोसेकंदांत हे दर 8.95 किलोहर्ट्झला घडतं: 17.9, 26.8, 35.8. पहिला तुमच्या पट्ट्याबाहेर, उरलेले दोन नेमके तुमचे खड्डे. ट्रान्सड्यूसरवरचा आळ इथेच मिटतो. मधली बारीक लहर, साधारण दर सव्वादोन किलोहर्ट्झला येणारी, तळाच्या चिखलाची आहे.

डीकन्व्होल्यूशनने खरखराट का दिला तेही यातूनच कळेल. पृष्ठभागाचा आरसा 95 टक्के चोख धरला तर खड्ड्याच्या बुडाशी सिग्नलचा विसावा भाग उरतो. सरळ भागाकार करणारा फिल्टर तिथे सगळं 20 पट फुगवतो, नॉइजसुद्धा. म्हणजे 26 डेसिबल नॉइज तुम्ही स्वतःच्या हाताने घातलात. वीनर फिल्टर इथे समंजसपणे वागतो. जिथे सिग्नल नॉइजच्या वर आहे तिथे तो भागतो, जिथे बुडाला आहे तिथे हात आखडता घेतो. त्याला लागणारा नॉइजचा अंदाज पुस्तकातून घेऊ नका. प्रत्येक पिंगच्या आधीची 100 मिलिसेकंद शांतता तुमच्या फाइलमध्ये आहे, तिचाच स्पेक्ट्रम वापरा.

तरीही वीनर खड्डा भरत नाही, त्याच्या कडेला थांबतो. 27 किलोहर्ट्झवर जे हायड्रोफोनपर्यंत पोचलंच नाही ते कुठलंही गणित आणू शकत नाही. ते आणायचं तर दुसऱ्या जागेवरून ऐकावं लागेल. हायड्रोफोन 1 मीटरऐवजी 60 सेंटिमीटरवर टांगा. आता दोन मार्गांतला फरक 10 सेंटिमीटर, उशीर 67 मायक्रोसेकंद, आणि तुमच्या पट्ट्यात एकच खड्डा, 30 किलोहर्ट्झच्या किंचित अलीकडे. पहिल्या नोंदीत 30 भरभक्कम आहे, दुसऱ्या नोंदीत 27 आणि 36 भरभक्कम आहेत. दोन्ही नोंदी एकत्र सोडवा: प्रत्येक वारंवारतेला प्रत्येक नोंद तिच्या मार्गाच्या प्रतिसादाच्या संयुग्मीने (कॉम्प्लेक्स कॉन्जुगेटने) गुणायची, बेरीज करायची आणि दोन्ही प्रतिसादांच्या वर्गांच्या बेरजेने, त्यात नॉइजची भर घालून, भागायची. छेद आता कुठेच शून्याजवळ जात नाही. दोन खोल्या निवडताना खड्डे एकमेकांवर पडू देऊ नका, कागदावर दहा मिनिटांचं काम आहे. उदाहरणार्थ 2 मीटर खोली निवडलीत तर नवा खड्डा पुन्हा 27 च्या आसपासच येतो आणि मेहनत फुकट जाते.

या सगळ्याला मूळ सिग्नलची खरी प्रत लागते. लॅपटॉपमधला चर्प ही प्रत नव्हे. ट्रान्सड्यूसरने पाण्यात प्रत्यक्ष काय सोडलं ते हवं. त्यासाठी दोन्ही साधनं दीड मीटर खोलीवर, तळ्याच्या बरोबर मधोमध, एकमेकांपासून 1 मीटरवर टांगा आणि गेन इतका कमी ठेवा की हिस्टोग्रामच्या टोकांना काही नसेल. पृष्ठभागाचा आणि तळाचा प्रतिध्वनी थेट आवाजानंतर सुमारे 1.46 मिलिसेकंदांनी येतात. पिंग 5 मिलिसेकंदांचा असल्याने ते त्याच्यावर चढलेले दिसतील, पण मॅच्ड फिल्टरने, म्हणजे पाठवलेल्या चर्पशी नोंद ताडून पाहून, पिंग दाबला की प्रत्येक मार्ग 50 मायक्रोसेकंदांच्या शिखरात आवळला जातो. पहिलं शिखर आणि त्याच्या मागची एक मिलिसेकंद ठेवा, बाकी कापा. हा तुमचा ट्रान्सड्यूसर.

आणि टांगण्याआधी ट्रान्सड्यूसरचं तोंड भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याने पुसा. कोरडं तोंड पाण्यात गेलं की त्याला डोळ्यांना दिसणार नाहीत असे बुडबुडे चिकटतात. 0.1 मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण 32 किलोहर्ट्झला घुमतो, म्हणजे ऐन तुमच्या पट्ट्यात, आणि आवाज गिळतो. मी होडीच्या कडेला बसून बोटाने ते तोंड चोळतो, साबणाचा पातळ थर पसरला की पाणी काचेसारखं सरळ चिकटतं. एवढ्या एका कृतीने अर्धा दिवस वाचलेला मी अनेकदा पाहिला आहे. तळं ढवळलं गेलं असेल तर पाच मिनिटं थांबा. असा बुडबुडा सेकंदाला दोनेक सेंटिमीटर वर चढतो, म्हणजे दोन मीटरला पावणेदोन मिनिटं लागतात, आणि त्याहून बारीक बुडबुडे आणखी हळू चढतात.

एका चुकीपासून मात्र तुम्हाला वाचवायचं आहे, कारण ती मी केली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत नर्मदेच्या मुखाशी एका खासगी कंपनीसाठी खोली मोजत होतो. ओहोटीला ट्रान्सड्यूसरखाली दीडेक मीटर पाणी, आणि तळाच्या प्रतिध्वनीखाली आणखी दीडेक मीटरवर दुसरा प्रतिध्वनी. बरोबर दुप्पट अंतर, म्हणजे आवाज पृष्ठभाग आणि तळ यांच्यात दोनदा फिरून आला, असं मी ठरवलं. ओएनजीसीमुळे बडोद्यात भूकंपीय सर्वेक्षणाची जाणकार माणसं भेटतात. त्यांच्यापैकी एकांकडून मी प्रेडिक्टिव्ह डीकन्व्होल्यूशन शिकलो होतो. जमिनीखालचं तेल शोधताना अशी पुनरावृत्ती काढून टाकायला ते वापरतात. लावलं. दुसरा प्रतिध्वनी साफ गेला, रेकॉर्ड देखणं झालं आणि मी ते जमा केलं.

दोन दिवसांनी भरतीतली नोंद पाहताना घाम फुटला. पाणी चार मीटर चढलं होतं. फिरून आलेला आवाज असता तर दोन प्रतिध्वनींमधलं अंतरही चार मीटरने वाढायला हवं होतं. ते दीडच मीटर राहिलं होतं. वरचा प्रतिध्वनी पातळ गाळाच्या थराचा होता आणि खालचा खऱ्या घट्ट तळाचा. खंभातच्या आखाताचं पाणी गाळाने इतकं भरलेलं असतं की 210 किलोहर्ट्झला गाळाचा माथाच तळ वाटतो, आणि त्याखालचं कठीण दिसायला 33 किलोहर्ट्झ लागतात. मी खरा तळ बिघाड समजून पुसला होता. माझ्या वरिष्ठांनी शांतपणे सगळ्या फाइल पुन्हा काढायला सांगितल्या, मूळ नोंदी जपलेल्या होत्या म्हणून ते शक्य झालं. तेव्हापासून कुठलाही प्रतिध्वनी काढायच्या आधी मी परिस्थिती हलवून पाहतो. समुद्रावर ते काम भरती-ओहोटी करते. तुमच्या तळ्यात भरती नाही, पण दोरी आहे: हायड्रोफोन 20 सेंटिमीटर खाली सोडा. पृष्ठभागाचा प्रतिध्वनी उशिरा येईल, तळाचा लवकर. जो यापैकी काहीच करत नाही तो तळ्याच्या काठाचा किंवा तुमच्या साधनातला.

न्यूरल नेटवर्कबद्दल विचारलं आहे म्हणून सांगतो. नॉइज ओळखायला, संशयित पिंग बाजूला काढायला ते मीही वापरतो. पण सिग्नल पुन्हा बांधायला नाही, निदान जिथे जहाजाच्या तळाखाली पाणी किती हे ठरतं तिथे नाही. शिकवलेल्या नमुन्यांसारखा दिसणारा प्रतिध्वनी ते रिकाम्या जागी उभा करू शकतं, आणि तो खऱ्यापेक्षा सुबक दिसतो. मोजक्या शिखरांचं गृहीत धरणाऱ्या पद्धतींनाही हाच धोका आहे: पाच प्रतिध्वनी मागितले की त्या पाच देतात, असोत वा नसोत.

म्हणून शेवटी ही चाचणी करा. हवेने भरलेली, बूच घट्ट लावलेली प्लास्टिकची बाटली दगड बांधून पाण्यात 1 मीटरवर सोडा. पाण्यात हवा म्हणजे आवाजासाठी जोरदार परावर्तक. दोन्ही साधनांपासूनचं तिचं अंतर टेपने मोजून वहीत लिहा. बाटलीसह एक नोंद, बाटली काढून दुसरी. दोन्हींवर तीच प्रक्रिया, तेच पॅरामीटर, मध्ये काही बदलायचं नाही. पहिल्या उत्तरात बाटली टेपने सांगितलेल्या जागी उभी राहिली आणि दुसऱ्यात नाहीशी झाली, तर तुमची पुनर्रचना प्रोजेक्टच्या अहवालात घाला.

पुढच्या रविवारी जाल तेव्हा तापमापक न्या आणि पाण्याचं तापमान वर, मधे, तळाशी असं तीनदा मोजा. आतापर्यंत नुसती कापलेली फाइल हाती आहे, ती टाकू नका. वरच्या क्रमाने तिच्यातूनही पृष्ठभागाचा उशीर निघेल. तो 112 मायक्रोसेकंदांच्या आसपास आला नाही तर मला तळ्याची मापं पुन्हा कळवा, दोरी पाण्यात तिरकी गेली असण्याची शक्यता मी आधी तपासेन.